मानकापूरचे साडेदहा आणि टोकियोचे दहा: जागतिक ॲथलेटिक्समधला आकडा कसा ठरतो

"माह्या पोट्ट्यानं शंभर मीटर साडेदहात मारली. देशाचा विक्रम दहा पूर्णांक अठराचा आहे म्हणतात. मंग त्याले पुढं काऊन नेत नाही?"

नागपुरातल्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जिल्हा पातळीच्या शर्यती सुरू असल्या की पायऱ्यांवर हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्या बापाचं काही चुकत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर 10.52 लिहिलेलं आहे, आणि 2025 च्या जुलैत अनिमेष कुजूरनं ग्रीसमध्ये 10.18 पळून राष्ट्रीय विक्रम केला हेही खरं आहे. दोन आकड्यांत फक्त चौतीस शतांश सेकंदांचा फरक दिसतो. प्रत्यक्षात तो मुलगा जवळपास एक सेकंद मागे असू शकतो.

सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोत झालेली जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा नऊ दिवस टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिली गेली, आणि तेव्हाही असेच प्रश्न निघाले. नव्वद मीटर भाला फेकणारा नीरज आठवा कसा आला? आठव्या लेनमधला धावपटू पुढे का उभा असतो? एका देशाचे चार जण आणि दुसऱ्याचा एकही नाही, असं का? या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आकडा कसा मोजला, या एकाच जागी सापडतात.

## आधी ही स्पर्धा कोणती ते पाहू

ॲथलेटिक्स म्हणजे धावणं, चालणं, उड्या आणि फेकी. 'वर्ल्ड ॲथलेटिक्स' ही या खेळाची जागतिक संघटना. तिची जागतिक स्पर्धा 1983 मध्ये हेलसिंकीत पहिल्यांदा झाली. 1991 पर्यंत ती चार वर्षांनी व्हायची, 1993 पासून दर दोन वर्षांनी होते. कोविडमुळे 2021 ची स्पर्धा 2022 मध्ये अमेरिकेतल्या युजीनला झाली, मग 2023 ला बुडापेस्ट, 2025 ला टोकियो. पुढची सप्टेंबर 2027 मध्ये बीजिंगला आहे.

ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्स हा अनेक खेळांपैकी एक असतो. इथे फक्त हाच खेळ असतो आणि टोकियोत त्याचे 49 प्रकार होते. भारताला इथे पहिलं पदक 2003 मध्ये पॅरिसला अंजू बॉबी जॉर्जनं मिळवून दिलं: लांब उडीत 6.70 मीटर, कांस्य. त्यानंतर नीरज चोप्राचं 2022 चं रौप्य, 88.13 मीटर, आणि 2023 चं सुवर्ण, 88.17 मीटर. टोकियोपर्यंत एवढीच तीन पदकं. म्हणून टोकियोत नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेनं उंच उडीत 2.28 मीटर पार करून सहावा क्रमांक मिळवला, ही बातमी जेवढी वाजायला हवी होती तेवढी आपल्याकडे वाजली नाही, असं मला वाटतं.

## स्टॉपवॉचमध्ये हरवलेले सेकंद

आता तो 10.52 चा कागद.

शाळेच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेत स्टार्टर शिटी किंवा टाळी वाजवतो, आणि शेवटच्या रेषेवर शंभर मीटर दूर उभे असलेले सर स्टॉपवॉच दाबतात. आवाजाला शंभर मीटर यायला साधारण 0.3 सेकंद लागतात. सर आवाज ऐकून बटण दाबत असतील, तर मुलगा ब्लॉक (सुरुवातीला पाय रोवायचा ठोकळा) सोडून एक पाऊल पुढे गेलेला असतो आणि घड्याळ शून्यावरच असतं. म्हणून बंदुकीचा धूर किंवा टाळीच्या फळ्या मिटताना पाहून घड्याळ सुरू करायचं असतं, आवाजावर नाही. ही एक चूक सुधारली तरी निम्मा गोंधळ संपेल.

धूर पाहून दाबलं तरी मेंदूपासून अंगठ्यापर्यंत निरोप जायला वेळ लागतोच. सुरुवातीला सरांचा अंगठा उशिरा चालतो. शेवटी मात्र मुलगा रेषेकडे येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे उशीर होत नाही. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी होऊन फिटत नाही, ती नेहमी धावपटूच्या फायद्याची होते. म्हणून 100 आणि 200 मीटरची हातघड्याळाची वेळ विजेच्या घड्याळाशी तोलायची असेल तर तीत 0.24 सेकंद मिळवतात, 400 मीटरला 0.14.

तिसरी गोष्ट दोन दशांश स्थळांची. स्टॉपवॉचवर 10.52 दिसतं म्हणून ते 10.52 होत नाही. हातघड्याळाची वेळ पुढच्या दशांशावर नेऊन लिहायची असते: 10.52 म्हणजे 10.6. शेवटचा 2 हा अंगठ्याचा आकडा आहे, पायांचा नाही. तीन घड्याळं असतील तर मधली वेळ धरतात, दोन जुळली तर जुळलेली, आणि दोनच घड्याळं असतील तर जास्तीची.

हिशेब करू. 10.52 चे झाले 10.6. त्यात 0.24 मिळवले की 10.84. सरांनी आवाजावर घड्याळ दाबलं असेल तर आणखी 0.3 पर्यंत, म्हणजे 11.1 च्या आसपास. शाळकरी मुलासाठी ही वेळ खरंच चांगली आहे, त्याच्यावर मेहनत घ्यावी अशी आहे. पण ती 10.18 च्या शेजारची नाही. जागतिक स्पर्धेच्या पात्रतेसाठी 100, 200, 400 मीटर आणि अडथळ्यांच्या कमी अंतराच्या शर्यतींत हातघड्याळाची वेळ चालतच नाही, त्याचं कारण हे.

## फोटो फिनिश हा फोटो नसतो

मोठ्या स्पर्धेत घड्याळ बंदुकीच्या सिग्नलनं आपोआप सुरू होतं आणि शेवटच्या रेषेवर एक कॅमेरा रोखलेला असतो. त्याला संपूर्ण मैदान दिसत नाही. दाराच्या फटीतून रस्ता पाहावा तशी त्याला फक्त ती रेषा दिसते, आणि तो त्या फटीची चित्रं सेकंदाला किमान हजार घेतो. हातमागावर धाग्याला धागा लागून कापड तयार होतं, तशी ही उभी चित्रं शेजारी-शेजारी लागून एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर डावी-उजवीकडचं अंतर म्हणजे वेळ असतो. म्हणूनच त्यात कुणाचा बूट लांबट, कुणाचा हात वाकडा दिसतो. नेमका रेषेवर टेकलेला बूट फटीसमोर जास्त वेळ राहतो.

वेळ ठरते ती धडावरून. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. वेळ पुढच्या शतांशावर नेतात: 9.784 आणि 9.789 दोन्ही 9.79 लिहिले जातात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 ला नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन यांच्यात नेमकं हेच झालं. फलकावर दोघांची वेळ एकच होती, पण क्रमांक ठरवायला सहस्रांश पाहिले गेले आणि सुवर्ण लाइल्सला मिळालं.

## वारा कुणाच्या बाजूनं होता?

सायकलवर वाडीकडून शहरात येताना पाठीमागून वारा असला की पायडल हलकं होतं. धावपटूचंही तसंच. सेकंदाला दोन मीटर वेगाचा वारा पाठीमागून असेल तर अव्वल धावपटूचा शंभर मीटरला साधारण एक दशांश सेकंद वाचतो. आपल्याला तो नुसता झुळूक वाटेल. पण एक दशांश म्हणजे शर्यतीत जवळपास एक मीटर.

म्हणून नियम असा: 100 आणि 200 मीटर, 100 आणि 110 मीटर अडथळे, लांब उडी आणि तिहेरी उडी यांत पाठीमागचा वारा सरासरी सेकंदाला 2.0 मीटरपेक्षा जास्त असेल तर तो आकडा विक्रमासाठी धरत नाहीत. पदक मात्र मिळतं, कारण त्या शर्यतीतल्या सगळ्यांना तोच वारा होता. विक्रमाच्या वेळी तुलना दुसऱ्या दिवसाशी, दुसऱ्या गावाशी होते, तिथे वाऱ्याची सवलत चालत नाही.

वारा मोजायचं यंत्र शर्यतीच्या सरळ भागात शेवटच्या रेषेपासून 50 मीटरवर, पहिल्या लेनच्या बाजूला, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत आणि जमिनीपासून 1.22 मीटर उंचीवर ठेवतात. 100 मीटरला बंदूक वाजल्यापासून 10 सेकंद मोजतात, अडथळ्यांना 13, लांब उडीत खेळाडूनं उडी घ्यायच्या पाटीपासून 40 मीटरवरची खूण ओलांडली की 5 सेकंद. यंत्रानं 2.03 दाखवलं तर नोंद 2.1 होते आणि आकडा विक्रमातून जातो. 1968 मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमननं 8.90 मीटर उडी मारली तेव्हा वाऱ्याची नोंद बरोबर 2.0 होती, शिवाय ते शहर 2,240 मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ. नागपूर जेमतेम 310 मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा फायदा आपल्याला नाही.

"आमच्याकडे यंत्रच नाही, मग काय करायचं?" असं कोच म्हणतात. क्रमवारीच्या हिशेबात वाऱ्याची नोंद नसलेल्या कामगिरीचे 30 गुण कापले जातात. म्हणजे यंत्र नसण्याची किंमत धावणारा मोजतो. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मंडप आणि हारतुऱ्यांच्या आधी हे यंत्र आणावं.

## दहावीचं 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आणि जागतिक क्रमवारी

जागतिक स्पर्धेत जायचे दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला सरळ: ठरलेला पात्रता आकडा गाठायचा. टोकियोसाठी पुरुषांच्या 100 मीटरला 10.00, महिलांच्या 11.07, पुरुषांच्या उंच उडीला 2.33 मीटर, भालाफेकीला 85.50 मीटर, 3000 मीटर स्टीपलचेसला 8 मिनिटं 15 सेकंद. हे आकडे मुद्दाम कठीण ठेवतात. पुरुषांच्या 100 मीटरला साधारण 48 जण घ्यायचे असतील तर त्यातले निम्मे आकड्यावर यावेत आणि उरलेल्या जागा क्रमवारीवर भराव्यात, असा हेतू असतो.

दुसरा रस्ता ही क्रमवारी. महाराष्ट्रात दहावी झालेल्या घराला ती समजवायला दोन मिनिटं पुरतात. सहा विषयांतल्या चांगल्या पाचांची टक्केवारी धरतात, तसं इथे ठरलेल्या कालावधीतल्या सगळ्यात चांगल्या पाच कामगिऱ्यांची सरासरी धरतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पाचाहून कमी. एकदाच वीज चमकल्यासारखं पळून भागत नाही, पाच वेळा पळावं लागतं.

प्रत्येक कामगिरीचे गुण दोन भागांत असतात. एक भाग वेळेचा किंवा अंतराचा, दुसरा भाग कोणत्या स्पर्धेत कितवा आलात याचा. जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक सगळ्यात वर, मग डायमंड लीग (अव्वल खेळाडूंच्या स्पर्धांची वार्षिक मालिका), खंडाच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय आणि त्याखालच्या. त्यामुळे आशियाई स्पर्धेतलं कांस्य हे छोट्या स्पर्धेतल्या सुवर्णापेक्षा भारी पडू शकतं.

अनिमेष कुजूरचंच उदाहरण घ्या. टोकियोसाठी 200 मीटरचा पात्रता आकडा 20.16 होता. मे 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीत आशियाई स्पर्धेत तो 20.32 पळाला, नवा राष्ट्रीय विक्रम झाला आणि कांस्य मिळालं. आकडा गाठला नाही, तरी क्रमवारीच्या जोरावर तो टोकियोत 200 मीटर धावला. सर्वेश कुशारेही क्रमवारीवरूनच गेला, 2.33 चा आकडा न गाठता, आणि तिथे सहावा आला. क्रमवारीवरून आलेला म्हणजे मागच्या दारानं आलेला, हा समज इथे मोडतो.

## "एका देशाचे तीनच, मग आपले भालाफेकीत चार कसे?"

एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन. ही मर्यादा नसती तर महिलांच्या लांब शर्यती केनिया आणि इथिओपियाच्या घरच्या शर्यती झाल्या असत्या. पण गतविजेत्याला स्वतंत्र प्रवेश असतो. 2023 चा विजेता म्हणून नीरज टोकियोत या जागेवर आला, त्यामुळे देशाच्या तीन जागा मोकळ्या राहिल्या आणि त्यांवर सचिन यादव, यशवीर सिंग आणि रोहित यादव गेले.

"दुसऱ्या देशाचा चौथा खेळाडू चांगला असूनही घरी बसतो, हा अन्याय नाही का?" त्या खेळाडूपुरता आहे. जमैका किंवा अमेरिकेत राष्ट्रीय चाचणीत चौथा आलेला धावपटू कदाचित जागतिक अंतिम फेरीत पोचला असता. पण ही स्पर्धा देशांचीही आहे, आणि लहान देशाची एक मुलगी त्या ट्रॅकवर उतरणं यालाही काही मोल आहे. मी या मर्यादेच्या बाजूनं आहे.

## आठव्या लेनवाला पुढे का उभा?

खळ्यावर पात चालताना पाहिली असेल त्याला हे सांगावं लागत नाही. तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरतात, तिवड्याजवळचा बैल थोडं चालतो आणि कडेचा बैल खूप. म्हणून ताकदीचा बैल बाहेर बांधतात. धावण्यात मात्र प्रत्येकानं सारखंच अंतर कापायला हवं, म्हणून बाहेरच्याला आधीच पुढे उभं करतात.

प्रमाणित ट्रॅकच्या सरळ बाजू 84.39 मीटर आणि वळणाची त्रिज्या 36.50 मीटर असते. 400 मीटर मोजतात ते आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटर बाहेरून, कारण कुणी कडेवर पाय देऊन पळत नाही. बाहेरच्या लेनमध्ये रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजतात. लेनची रुंदी 1.22 मीटर. त्यामुळे 400 मीटरला दुसऱ्या लेनला 7.04 मीटर पुढे आणि तिसरीपासून प्रत्येक लेनला आणखी 7.67 मीटर पुढे ठेवतात. आठवी लेन पहिलीच्या 53 मीटर पुढे निघते. 200 मीटरला याच्या निम्मं.

रेशीमबाग मैदानासारख्या मातीच्या मैदानावर किंवा शाळेच्या पटांगणात 200 मीटरचा ट्रॅक फक्कीनं आखताना इथे हमखास चूक होते. मैदान निम्मं म्हणून सर पुढावाही, म्हणजे बाहेरच्या लेनला पुढे ठेवायचं अंतरही, निम्मा करतात. पण एका पूर्ण फेरीचा पुढावा फक्त लेनच्या रुंदीवर ठरतो, मैदान लहान की मोठं यावर नाही. साधं गणित करून पाहा: रुंदी गुणिले दोन गुणिले 3.14. 1.22 मीटरच्या लेनला तो 7.67 च येतो. शाळेच्या मैदानावर आतली उंच कड नसते, त्यामुळे पहिली लेनही रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजायची, आणि मग दुसरीलाही 7.67 च. लेन एक मीटरची आखली असेल तर 6.28. पुढावा निम्मा ठेवला तर बाहेरच्या लेनची मुलगी बरीच पावलं जास्त पळते आणि हरते, आणि कुणालाच कळत नाही.

## सुरुवात: एक सहस्रांश आणि घर

स्टार्टर पहिल्या लेनजवळ उभा असेल तर आठव्या लेनच्या धावपटूला बंदुकीचा आवाज साधारण 0.026 सेकंद उशिरा ऐकू येतो. अंतिम फेरीत एवढ्यात पदक जातं. म्हणून प्रत्येकाच्या ब्लॉकमागे स्वतंत्र स्पीकर असतो. ब्लॉकमध्ये दाब मोजणारं यंत्रही असतं. बंदुकीनंतर 0.100 सेकंदाच्या आत पायाचा दाब बदलला तर धावपटूनं आवाज ऐकला नाही, अंदाज बांधला, असं मानतात आणि तो बाद. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाद करतात. 2011 मध्ये दैगूच्या जागतिक स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट असाच गेला.

2022 मध्ये युजीनला 110 मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत डेव्हन ॲलनची प्रतिक्रिया 0.099 आली. मर्यादेपेक्षा एक सहस्रांश कमी, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर तो बाहेर. 0.100 हा आकडा माणसाच्या शरीरानं ठरवलेला नाही, माणसांनी सोयीसाठी ठरवलेला आहे. कुठेतरी रेषा ओढावी लागते हे मान्य. पण एका सहस्रांशासाठी चार वर्षांची मेहनत जाणं मला अजूनही खटकतं.

## हीटमध्ये दुसरा, तरी खुशी कशाची?

एवढे धावपटू एकदम पळवता येत नाहीत, म्हणून गट पाडतात. त्यांना हीट म्हणतात. प्रत्येक हीटमधले पहिले काही थेट पुढे जातात, आणि सगळ्या हीटमधले उरलेले वेगवान काही वेळेवर जातात. तीन उपांत्य शर्यती असतील तर साधारण पहिले दोन-दोन थेट आणि उरलेल्यांत वेगवान दोन, मिळून आठ. त्यामुळे थेट जागा नक्की झाल्यावर हुशार धावपटू शेवटी पाय सैल सोडतो. 2023 ला बुडापेस्टमध्ये भारताच्या 4 गुणिले 400 रिले संघानं हीटमध्ये अमेरिकेच्या मागे दुसरा येऊन 2 मिनिटं 59.05 सेकंद वेळ दिली, तो आशियाई विक्रम होता. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत वेळ 2:59.92 आणि क्रमांक पाचवा.

## नव्वद मीटरवाला आठवा कसा?

मे 2025 मध्ये दोहाला नीरजनं 90.23 मीटर फेकला. टोकियोच्या अंतिम फेरीत त्याचा सर्वोत्तम 84.03. पाचव्या फेरीनंतर तो बाद झाला, सहावी फेक मिळालीच नाही. सुवर्ण केशॉर्न वॉलकॉटला 88.16 वर गेलं. सचिन यादव 86.27 फेकून चौथा, कांस्यापेक्षा 40 सेंटिमीटर कमी.

फेकीत मागचा आकडा कामाचा नसतो. त्या दिवशीच्या तीन फेकींत तुम्ही टिकलात तरच पुढच्या फेकी मिळतात. पात्रता फेरीतलं अंतर अंतिम फेरीत धरत नाहीत, पाटी कोरी होते. भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे, शेपूट नाही. फेकल्यावर पुढच्या कमानीला पाय लागला तर फाऊल. मोजलेलं अंतर खालच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणतात. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, महिलांचा 600 चा. 1984 मध्ये उवे होननं 104.80 मीटर फेकल्यावर मैदान कमी पडायची भीती निर्माण झाली, म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा तोल चार सेंटिमीटर पुढे सरकवला. तो लवकर नाक खाली करतो. जुने आणि नवे आकडे म्हणून तोलायचे नसतात.

भाला जिथे पडायचा तो पंखा आखायला कोन मोजायचं साधन लागत नाही. कमानीच्या केंद्रापासून दोन बाजूंना 20-20 मीटर फिती ताणा, त्यांच्या टोकांमध्ये 10 मीटर ठेवा. झाला 28.96 अंशांचा कोन. गोळा, थाळी, हातोडा यांना टोकांमध्ये 12 मीटर.

उंच उडीत दोघांनी सारखीच उंची पार केली तर शेवटच्या उंचीवर कोणाच्या कमी चुका, मग एकूण कमी चुका. तरीही बरोबरी आणि तीही पहिल्या क्रमांकासाठी असेल, तर पुन्हा उड्या. दोघांनी नको म्हटलं तर सुवर्ण दोघांना. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 ला मुताझ बारशिम आणि जियानमार्को ताम्बेरी 2.37 वर असेच थांबले. लांब उडीत मात्र पाय कुठून सुटला ते न पाहता पाटीच्या पुढच्या रेषेपासून मोजतात. बारा सेंटिमीटर आधी उडाला, बारा सेंटिमीटर गेले. रेषेच्या पुढे बूट हवेत डोकावला तरी 2021 च्या शेवटापासून फाऊल.

## कूलर, घाम आणि मॅरेथॉन

2019 ला दोहामध्ये महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी 68 पैकी 28 जणी ती पूर्ण करू शकल्या नाहीत. तापमान तिथे 32 अंशांच्या आसपास होतं. नागपूरकर म्हणतील, बत्तीस म्हणजे आमची मेमधली पहाट!

पण आपल्या घरचा कूलर आठवा. मेच्या 44 अंशांत तो खोली गार करतो आणि जुलैच्या 32 अंशांत नुसता दमट वारा फेकतो. वाळ्यावरचं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि उष्णता घेऊन जातं. दमट हवेत ते उडतच नाही. आपलं अंग हाच कूलर आहे. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तोच घाम टपकून खाली पडला तर फारसं काही नेत नाही. दोहामध्ये तो टपकत होता.

म्हणून आयोजक साधं तापमान पाहत नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं वाचन 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातलं 20 टक्के आणि सावलीतलं साधं तापमान 10 टक्के धरून एक आकडा काढतात. मेमधले कोरडे 44 अंश आणि 20 टक्क्यांच्या आसपास दमटपणा असेल तर ओलं फडकं साधारण 25 दाखवतं. जुलैचे 32 अंश आणि 80 टक्के दमटपणा असेल तर 29. याचा अर्थ मेच्या दुपारी पळावं असा मुळीच नाही, कारण उन्हाचा काळा गोळा तेव्हा पेटलेला असतो आणि घामाचं पाणी भरून निघत नाही. पण पावसाळ्यातली ढगाळ सकाळ सुरक्षित आहे असं समजून मुलांना दहा किलोमीटर पळवणाऱ्यांनी ओलं फडकं बांधून एकदा पाहावं.

## मग त्या मुलानं आता काय करायचं?

फोटो फिनिश असलेल्या स्पर्धेत एकदा पळायचं. राज्य पातळीवर ही सोय बहुधा मिळते. सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्सचे खिळे 9 मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाहीत, उंच उडी आणि भालाफेकीला 12. मातीवरचे लांब खिळे तसेच लावून आलेल्या मुलांना आयत्या वेळी पाना शोधावा लागतो, म्हणून पाना आणि छोट्या खिळ्यांचा जोड पिशवीत ठेवावा. सर्दी-खोकल्याचं औषध स्वतःच्या मनानं घेऊ नये. त्यातला स्यूडोएफेड्रिन हा घटक ठरावीक प्रमाणापुढे स्पर्धेच्या काळात बंदीत मोडतो, आणि नमुन्यात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, मेडिकलवाल्याची नाही.

आणि प्रत्येक निकालपत्रकावर पाच गोष्टी लिहून घ्यायच्या: वेळ, ती हातघड्याळाची की विजेची, वारा किती, तारीख, मैदान. त्या बापाच्या हातातल्या कागदावर आज असं लिहिलं पाहिजे: 10.6, हातघड्याळ, वारा मोजला नाही. पुढच्या महिन्यात मुलगा विजेच्या घड्याळावर 11.02 पळाला आणि वारा +0.4 असेल, तर घरी आल्यावर मंदावलास म्हणून त्याला बोलायचं नाही. तो पहिल्यापेक्षा वेगानं पळालेला असू शकतो.